‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’मध्ये आईवर अन्याय झालाय का?

स्पष्टवक्ती
डिसेंबर आला की मुलांबरोबर बघायला १९४७ चा हा सिनेमा हमखास सुचवला जातो. गोड आहे, हसवतोही. पण मला त्यातल्या डोरिसची बाजू मांडायची आहे.

डोरिस घटस्फोटित आहे, न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानात मोठ्या हुद्द्यावर आहे. मुलीला, म्हणजे सुझनला, ती सांता नसतो हे सरळ सांगते. दुकानाच्या परेडमधला सांता प्यायलेला निघतो, म्हणून ती ऐनवेळी क्रिस क्रिंगल नावाच्या म्हाताऱ्याला उभं करते. तो म्हणतो, मीच खरा सांता! तिथून पुढे अख्खा सिनेमा या बाईला तिची चूक पटवून देण्यात खर्ची पडतो. मुलांशी खरं बोलली, एवढाच तिचा गुन्हा. आणि शेवटी विश्वास कशामुळे बसतो? सुझनला हवं होतं ते घर मिळतं म्हणून. हट्ट पुरवला की बसतो तो कसला विश्वास?

न्यूजर्सीकर
घराच्या बाबतीत साफ असहमत. नाताळच्या सकाळी झाडाखाली घराचा मागमूस नसतो आणि सुझन हिरमुसते. नंतर गाडीत मागच्या सीटवर ती स्वतःशीच पुटपुटत राहते, की वेडेपणा आहे पण माझा विश्वास आहे. घर दिसतं ते त्यानंतर. आधी काय आणि मग काय, हे बघा ना.

आणि सुझनची अवस्था बघा. इतर मुलं प्राणिसंग्रहालय खेळतात, ही खेळत नाही, कारण ती प्राणी नाही! क्रिस तिला माकड कसं व्हायचं ते शिकवतो, अंग खाजवून दाखवतो. सुझन झालेल्या नाताली वूडने तो प्रसंग काय सुंदर केलाय. मुलीला कल्पना करता येत नाही, याची जबाबदारी आईवर नाही तर कोणावर?

वकीलबुवा
तुम्ही दोघंही कोर्टाला बगल देताय. क्रिसला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं की नाही, यावर सुनावणी चालते. सांता नाही असा निकाल दिलात तर मतं गेली, अशी तंबी न्यायाधीशाला त्याचा राजकीय सल्लागार देतो. सरकारी वकिलाचा स्वतःचा लहान मुलगा साक्षीला येतो आणि सांगतो, सांता आहे हे मला बाबांनीच सांगितलंय. झालं, वकिलाला सांता आहे हे मान्य करावं लागतं! उरतो प्रश्न, हाच तो सांता कशावरून? टपालखात्याचे लोक सांताच्या नावाने आलेल्या पत्रांच्या गोण्या न्यायाधीशाच्या टेबलावर रिकाम्या करतात आणि क्रिस सुटतो. इथे विश्वास जिंकला असं मला अजिबात वाटत नाही. जो तो आपली कातडी वाचवतोय. टपालवाल्यांना तर पडून राहिलेल्या गोण्या हलवायच्या होत्या!

न्यूजर्सीकर
पण गोण्या कोर्टात पाठवायचं त्यांना सुचलं कशावरून? सुझनने क्रिसला धीर द्यायला लिहिलेलं पत्र, कोर्टाच्या पत्त्यावर. आणि त्याच पत्राखाली डोरिसने एक ओळ जोडली होती, माझाही तुमच्यावर विश्वास आहे म्हणून. आख्ख्या खटल्यात कसलाही फायदा न बघता केलेली ही एक गोष्ट.

स्पष्टवक्ती
अहो, हे तर माझ्याच बाजूचं झालं! जिने कधी खोटं सांगितलं नाही ती बाई ते लिहिते, म्हणून त्या ओळीला वजन आहे. आणि ती लिहिते ते क्रिसला उद्देशून. गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू मेसीजमध्ये नसेल तर त्याला बेधडक दुसऱ्या दुकानात पाठवणारा माणूस तिने डोळ्यांनी पाहिलाय. उडणाऱ्या रेनडिअरबद्दल तिने एक अक्षर लिहिलेलं नाही. मग सुझनपासून तिने आधी काय हिरावून घेतलं होतं, ते सांगा.

एडमंड ग्वेनचा चाहता
डच मुलीचा प्रसंग कुणीच कसा काढला नाही? युद्धानंतर हॉलंडमधून आलेली अनाथ पोर मेसीजमध्ये सांता बनून बसलेल्या क्रिसला भेटायच्या रांगेत उभी राहते. तिला दत्तक घेतलेली बाई ओशाळून सांगते, हिला इंग्रजी येत नाही. क्रिस तिच्याशी डचमध्ये बोलायला लागतो, दोघं मिळून गाणं म्हणतात. सुझन बाजूला उभी राहून बघत असते. यावर डोरिस मुलीला काय सांगते? मला फ्रेंच येतं, म्हणून मी काही जोन ऑफ आर्क होत नाही! माझा राग याच वाक्यावर आहे. डोरिस खोटं बोलत नाही हे कबूल, पण मुलगी थक्क होऊन आली असताना तिच्याबरोबर क्षणभर थांबावंसंही तिला वाटत नाही. क्रिस झालेल्या ग्वेनला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, आणि माझ्या मते ते या एका प्रसंगावरच मिळायला हवं होतं.