रानपक्ष्यांच्या विष्ठेतील कॉक्सिडियाची प्रजाती कशी ओळखावी? सल्ला हवा आहे

जांबोटीकर:

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. लालबुड्या बुलबुल, शिपाई बुलबुल आणि साळुंकी या तीन पक्ष्यांच्या आतड्यांतील कॉक्सिडिया (एकपेशीय परोपजीवी) हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. आमच्या परसातल्या उंबराखाली सकाळी सात ते नऊ या वेळेत पडलेली विष्ठा गोळा करून मी काठोकाठ भरलेल्या बाटल्या घट्ट झाकणे लावून फ्रीजमध्ये ठेवल्या आणि आठवड्याने तपासल्या. तीस बाटल्यांपैकी चारच बाटल्यांत ऊसिस्ट (या परोपजीवींचे विष्ठेतून बाहेर पडणारे कवचधारी रूप) मिळाले, आणि त्या प्रत्येकाच्या आत दाणेदार गोळ्याखेरीज काहीही दिसले नाही. जुन्या अहवालांत चिमणीवर्गीय पक्ष्यांसाठी 'इसोस्पोरा लाकाझेई' हे नाव वारंवार येते, म्हणून मीही तेच लिहिले. मार्गदर्शक सरांनी त्यावर लाल रेघ मारून 'आधार काय?' एवढेच दोन शब्द लिहिले आहेत. प्रजातीपर्यंत पोहोचण्याची रीत कोणती, वाचावे काय आणि नमुने दाखवावेत कोठे, हे कृपया सांगावे.

निपाणीचा पशुवैद्य (निवृत्त):

ताई, सरांची रेघ योग्य आहे. राग मानू नये, कारण हीच चूक आमच्या पिढीनेही भरपूर केली. त्या दाणेदार गोळ्यावरून प्रजाती तर सोडाच, वंशसुद्धा सांगता येत नाही. पक्ष्याच्या शरीराबाहेर पडताना ऊसिस्ट कच्चा असतो. त्याला हवा, ओल आणि ऊब मिळाली तरच आतल्या गोळ्याचे विभाजन होऊन स्पोरोसिस्ट (आतल्या लहान पिशव्या) आणि त्यांत स्पोरोझॉइट (संसर्ग करणाऱ्या पेशी) तयार होतात. आपण झाकण घट्ट लावून हवा बंद केली आणि फ्रीजमध्ये ठेवून ऊबही काढून घेतली, मग ते पिकणार कसे? विष्ठेच्या एका भागाला पाच-सहा भाग 2.5 टक्के पोटॅशियम डायक्रोमेटचे द्रावण घ्यावे, ते पेट्री डिशमध्ये पातळ थरात पसरावे, झाकण सैल ठेवावे आणि 23 ते 28 अंश सेल्सिअसला आठवडा ते दहा दिवस रोज थोडे हलवावे. आपल्याकडे पावसाळ्यात हे तापमान घरातल्या फडताळातही मिळते. सुमारे 70 टक्के ऊसिस्ट पिकले की मग नमुना फ्रीजमध्ये जाऊ द्यावा. फॉर्मेलिन मात्र सुरुवातीला अजिबात घालू नये, त्यात ऊसिस्ट जागच्या जागी मरतो आणि पुढचे सारेच संपते.

पिकल्यावर प्रथम वंश ठरवावा. दोन स्पोरोसिस्ट आणि प्रत्येकात चार स्पोरोझॉइट असतील तर इसोस्पोरा. चार स्पोरोसिस्ट आणि प्रत्येकात दोन असतील तर आयमेरिया. एकाच स्पोरोसिस्टमध्ये आठ असतील तर कॅरिओस्पोरा. स्पोरोसिस्टच नसून आठ स्पोरोझॉइट मोकळे असतील तर टिझेरिया. बुलबुल, साळुंकी, मुनिया अशा पक्ष्यांत इसोस्पोराच बहुतांशी भेटतो, तर कोंबडी, मोर, कबूतर यांच्याकडे आयमेरियाचे राज्य असते. आपल्या गावठी कोंबड्यांत रक्ती हगवण लावणारा आयमेरिया टेनेला याच वंशातला. मोरातल्या एका आयमेरियाला तर 'मयुराय' असे नाव मिळाले आहे. हे वाचल्यावर मला उगाचच बरे वाटले होते.

आता लाकाझेई या नावाविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील पक्ष्यांवरून हे नाव पडले आणि पुढे कित्येक दशके, चिमणीवर्गीय पक्ष्यात दोन स्पोरोसिस्टचा ऊसिस्ट दिसला की तेच लावण्याचा प्रघात पडला. यजमान पक्षी कोणता, खंड कोणता, याचा विचार झाला नाही. त्यामुळे जुन्या अहवालातील 'लाकाझेई' याचा अर्थ बहुतेक वेळा 'इसोस्पोराची कोणतीतरी प्रजाती' एवढाच घ्यावा. 1997 साली डुझिन्स्की आणि विल्बर यांनी आयमेरिडी कुळातील प्रजातींचे वर्णन कसे लिहावे याची जी मार्गदर्शिका मांडली, ती चारच पानांची आहे. पहिल्यांदा ती वाचावी, नंतर बाकी सगळे. ते सांगतात की नवी मोजमापे यजमानाच्या त्याच कुळातील पक्ष्यांत आढळलेल्या प्रजातींशी ताडून पाहावीत. म्हणजे साळुंकीतल्या इसोस्पोराची तुलना स्टर्निडी कुळापुरती आणि बुलबुलातल्याची पिक्नोनोटिडी कुळापुरती करायची. भारतीय पक्ष्यांसाठी 1940 च्या दशकातील चक्रवर्ती आणि कर यांचे लेखन उपयोगी आहे.

लोंढ्याचा पक्षिवेडा:

डॉक्टरसाहेबांनी प्रयोगशाळेची बाजू सांगितली, मी झाडाखालची सांगतो. उंबराखालची विष्ठा हा या कामातील सर्वांत मोठा सापळा आहे. फळे पिकली की त्या एका झाडावर दोन्ही जातींचे बुलबुल, साळुंक्या, हरियल, तांबट सगळेच येतात, आणि खाली पडलेला ठिपका कोणाचा हे तो पडताना पाहिल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. यजमानच निश्चित नसेल, तर वरच्या 'त्याच कुळाशी तुलना' या सल्ल्याला अर्थच उरत नाही. त्यापेक्षा ज्या तारेवर किंवा फांदीवर साळुंक्यांचा थवा रोज येऊन बसतो, तिच्याखाली पांढरा प्लास्टिकचा कागद अंथरावा, दुर्बीण घेऊन दूर बसावे आणि ज्या पक्ष्याची विष्ठा पडताना स्वतः पाहिली तेवढीच उचलावी. दिवसभरात पाच-सहाच नमुने मिळतील, पण ते खरे असतील.

वेळही बदलावी. चिमणीवर्गीय पक्ष्यांतील इसोस्पोराचे ऊसिस्ट दुपार कलल्यानंतर, मुख्यतः चार वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत, मोठ्या संख्येने बाहेर पडतात आणि सकाळी त्यांचे प्रमाण फार कमी असते. कडक ऊन आणि कोरडेपणा टाळण्यासाठी ही वेळ ठरली असावी, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. तीस बाटल्यांपैकी चारातच ऊसिस्ट मिळण्याचे कारण बहुधा हेच आहे.

जाळी लावून पक्षी धरण्याचा विचार असेल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत अभ्यासासाठी जायचे असेल तर तीही स्वतंत्रपणे घ्यावी लागते. अर्ज इंग्रजीत केला तरी सोबत कन्नडमध्ये एक पानी सारांश जोडावा, असे मी अनुभवाने सांगतो. कागद ज्यांच्या टेबलावरून पुढे सरकतो त्यांना तो वाचता आला की तो लवकर सरकतो. एम.एस्सी.च्या मुदतीत परवानगी हाती पडेलच असे धरून चालू नये. परसात, अंगणात, शेताच्या बांधावर काम करावे.

काचपट्टी:

मी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत बरीच वर्षे सूक्ष्मदर्शक सांभाळले आहेत, म्हणून फक्त मोजण्याविषयी लिहितो. आमच्या एका सूक्ष्मदर्शकाची ऑक्युलर पट्टी (नेत्रभिंगातील मोजपट्टी) कधीकाळी दुसऱ्या यंत्रातून काढून बसवलेली होती आणि तीन वर्षे विद्यार्थी तिच्यावरच मोजत राहिले; सगळी मापे चुकीची निघाली. म्हणून स्टेज मायक्रोमीटर घ्यावे, त्यावर एका मिलिमीटरचे शंभर भाग म्हणजे प्रत्येकी 10 मायक्रॉन असतात, आणि प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी पट्टी स्वतः जुळवून वहीत लिहून ठेवावी. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हवर ऊसिस्ट शोधावा, पण मापे आणि आतली रचना शंभरच्या ऑइल इमर्शनवरच पाहावी.

ऊसिस्ट तरंगवण्यासाठी साखरेचे संपृक्त द्रावण उत्तम: 355 मिलिलिटर गरम पाण्यात 454 ग्रॅम साखर विरघळवावी आणि बुरशी येऊ नये म्हणून थोडे फिनॉल घालावे. आपल्या जिल्ह्यात साखरेला तोटा नाही, तेव्हा मिठाचे द्रावण वापरून काटकसर करू नये. मात्र काचपट्टी तयार झाल्यावर तास-दीड तासात मोजून घ्यावे, कारण त्या दाट पाकात ऊसिस्ट हळूहळू आक्रसतो, एका बाजूने दबतो, आणि मग आपण दबलेल्या ऊसिस्टची रुंदी इमानाने लिहीत बसतो.

जांबोटीकर:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. उंबराचे सगळे नमुने मी टाकून दिले. शेजाऱ्यांच्या गोठ्यावरून जाणाऱ्या तारेखाली कागद अंथरून संध्याकाळी साडेचारनंतर साळुंकीचे अकरा नमुने घेतले, त्यांपैकी सातांत ऊसिस्ट मिळाले. डायक्रोमेटमध्ये तिसऱ्याच दिवशी बरेचसे पिकलेले दिसले. प्रत्येकात दोन स्पोरोसिस्ट आहेत, त्यांच्या निमुळत्या टोकाला स्तनाग्रासारखा लहानसा उंचवटा आहे आणि त्याच्या खाली आतल्या बाजूस एक फिकट, रुंद ठिपका दिसतो. स्पोरोझॉइट चारच आहेत हे मोजताना मात्र डोळे दुखले. भारतातील गंगा मैनेवरून वर्णन केलेला 'इसोस्पोरा जिंजिनियाना' माझ्या वाचनात आला. गंगा मैना आणि साळुंकी एकाच वंशातील असल्याने मी तेच नाव द्यावे का?

निपाणीचा पशुवैद्य (निवृत्त):

फार छान काम केलेत. तो उंचवटा म्हणजे स्टीडा बॉडी आणि खालचा ठिपका म्हणजे सबस्टीडा बॉडी. इसोस्पोराच्या प्रजाती वेगळ्या करताना या दोहोंचा आकार लांबी-रुंदीपेक्षा जास्त कामाचा असतो, कारण एकाच पक्ष्यातले ऊसिस्टसुद्धा मापाने बरेच मागे-पुढे असतात. उंचवटा गोल आहे, चपटा आहे की टोकदार. खालचा ठिपका त्याच्याहून रुंद आहे की अरुंद. तो एकसंध आहे की कप्प्यांचा, हे दहा-बारा स्पोरोसिस्टमध्ये पाहून हाताने चित्र काढावे. छायाचित्र एका पातळीवरचेच दिसते, चित्रात सगळ्या पातळ्या एकत्र येतात. यासोबत ऊसिस्टच्या भिंतीचे थर, मायक्रोपाइल (भिंतीतील बारीक छिद्र) आहे की नाही, ध्रुवीय कण किती, ऊसिस्टमध्ये आणि स्पोरोसिस्टमध्ये अवशेष उरतो का आणि उरला तर विखुरलेला की गोळा झालेला, आणि स्पोरोझॉइटमधील चकाकणारे गोळे किती, हे सगळे नोंदवावे. मोजमाप किमान तीस ऊसिस्टचे असावे, सरासरीबरोबर लहानात लहान आणि मोठ्यात मोठे मापही द्यावे.

नावाविषयी माझा सल्ला सावध आहे. यजमान एकाच वंशातले आहेत म्हणून नाव सारखे, असा नियम नाही. ती फक्त तुलनेची सुरुवात आहे. स्टर्निडी कुळातील सर्व इसोस्पोरांची तुलना करणारा तक्ता करावा आणि त्यात जिंजिनियानाचे मूळ वर्णन पहिल्या ओळीत ठेवावे. जुनी वर्णने त्रोटक असतात. त्यांत सबस्टीडाचा उल्लेखच नसेल तर 'नाही' असे न लिहिता 'उल्लेख नाही' असे लिहावे. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. तुमची सगळी वैशिष्ट्ये जुळली तर 'जिंजिनियानाशी साधर्म्य असलेली' असे म्हणावे, एरवी 'इसोस्पोरा, प्रजाती अनिश्चित' असे लिहावे, त्यात कमीपणा काही नाही. पुढे डीएनए करायचा असेल तर मायटोकॉन्ड्रियातील सीओआय जनुक घ्यावे; 18 एस जनुक जवळच्या प्रजाती वेगळ्या करण्यास अपुरे पडते. त्याआधी नमुना पाण्याने अनेकदा धुऊन डायक्रोमेट पूर्ण काढून टाकावे, नाहीतर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) चालत नाही. दाखवण्यासाठी परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा शिरवळचे महाविद्यालय यांच्या परोपजीवीशास्त्र विभागांकडे आधी पत्र लिहून पाहावे, सोबत आपली चित्रे पाठवावीत. नुसती बाटली पाठवू नये.

जांबोटीकर:

तक्ता आजच सुरू केला आहे. एक शेवटची शंका: उरलेले डायक्रोमेट आमच्या घरच्या मोरीत ओतले तर चालेल का? बाटलीभर आहे.

काचपट्टी:

मुळीच चालणार नाही. त्यातला क्रोमियम विषारी आणि कर्करोगकारक आहे, आणि जांबोटीत मोरीचे पाणी शेवटी कोणाच्यातरी विहिरीकडेच झिरपते. हातमोजे घालून ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरावे, वर नाव आणि तारीख लिहावी आणि महाविद्यालयातील रसायनशास्त्र विभागाच्या घातक कचऱ्यात द्यावे.