तापमानाचा स्तंभ ‘कॅरेक्टर’ का दिसतो?
ईएमएल ही पर्यावरणशास्त्रातल्या माहितीसंचांचं वर्णन लिहायची प्रमाणित पद्धत, आणि ईएमएल असेंब्लीलाइन हे ते वर्णन तयार करणारं ‘आर’ या संगणकभाषेतलं पॅकेज. त्याचं टेम्प्लेट, म्हणजे भरायचा साचा, तापमानाच्या स्तंभाला ‘कॅरेक्टर’ (मजकूर) म्हणतंय, असं का, हा एकाचा प्रश्न आहे. बहुधा एखाद्या खान्यात ‘नोंद नाही’सारखा मजकूर आहे, तेवढ्यानेही आर अख्खा स्तंभ मजकूर धरतं. आधी सीएसव्ही (नोंदींची फाइल) साफ करा, रिकाम्या नोंदींना एकच खूण द्या आणि तिचा अर्थ अॅट्रिब्यूट्सच्या, म्हणजे स्तंभांच्या वर्णनाच्या, फाइलीत लिहा. मग स्तंभाचा क्लास (प्रकार) ‘न्यूमेरिक’, म्हणजे आकडे, करा.

एकक मनाने लिहू नका. ‘°से.’ चालत नाही. ईएमएलच्या एकक-कोशातलं ‘सेल्सिअस’चं स्पेलिंगच हवं, सगळी अक्षरं लहान. कोशात नसलेलं एकक कस्टम युनिट्सच्या फाइलीत व्याख्येसह जातं.

कॅटेगोरिकल संकेतांचं, म्हणजे गटांना दिलेल्या खुणांचे अर्थ लिहायचं, टेम्प्लेट क्लास दुरुस्त केल्यावरच बनवा. नाहीतर अधिवासाच्या स्तंभातला ‘२’ म्हणजे गवताळ की झुडपी, हे पुढे वाचणाऱ्याला कळायचं कसं?