घरचा ग्रुप : चिऊला डिस्नेसीच्या नव्या भागात न्यावं का?

वहिनी: सगळ्यांना एक विचारायचंय. आमचं जपान नक्की झालं. टोकियोत डिस्नेसाठी एकच दिवस निघतोय. ह्यांचं म्हणणं, टोकियो डिस्नेलँडला जाऊ. मला त्याच्या शेजारच्या दुसऱ्या पार्कचा, डिस्नेसीचा, तो नवा भाग बघायचाय, फँटसी स्प्रिंग्ज. चिऊ ४ वर्षांची, बाळ दीड वर्षाचं. चिऊ सध्या दिवसभर ओढणी पाठीला बांधून ‘फ्रोझन’ सिनेमातली एल्सा झालेली असते. तुमच्यातले जाऊन आलेत त्यांनी सांगा ना.

मामा: डिस्नेलँड. डोळे झाकून.

दादा: झालं, मामा माझ्या बाजूने.

मामा: बाजूचा प्रश्न नाही रे. मला डिस्नेसी जगातल्या सगळ्या डिस्ने पार्क्समध्ये सर्वांत आवडतं, म्हणूनच सांगतोय. २००१ साली ते उघडलं तेव्हापासून त्याचा तोंडवळाच मोठ्यांचा. आत शिरलं की इटालियन बंदर, पाण्यात गोंडोला, मागे ज्वालामुखी, पलीकडे जुन्या न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलेलं अवाढव्य जहाज. जेवणाबरोबर वाइन मिळते. माणूस तिथे नुसता फिरला तरी पोट भरतं. पण ज्या राइड्ससाठी लोक जातात त्यांची उंचीची अट बघा. जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ ११७ सेंटिमीटर. इंडियाना जोन्स ११७. रेजिंग स्पिरिट्स ११७. टॉवर ऑफ टेरर आणि सोअरिंग १०२. चिऊ यातल्या कशात बसणार?

वहिनी: कशातच नाही मग. १०० च्या आतबाहेर असेल ती.

मी: मामा, ही यादी बरोबर आहे, पण ती सगळी जुन्या सात बंदरांची आहे, डिस्नेसीतल्या भागांना बंदरंच म्हणतात. वहिनी विचारतेय आठव्याबद्दल. फँटसी स्प्रिंग्ज ६ जून २०२४ ला उघडलं. ओरिएंटल लँड कंपनीने, म्हणजे टोकियोची दोन्ही पार्क्स जी चालवते तिने, त्यावर साधारण ३२० अब्ज येन खर्च केले. फ्रोझन, रपुंझेल आणि पीटर पॅन असे तीन भाग, त्यात मिळून चार राइड्स. चारपैकी तीन राइड्सना उंचीची अट नाही! फक्त पीटर पॅनला १०२ आहे. डिस्नेसीत एवढ्या मोठ्या, एवढ्या पैशांच्या राइड्स ४ वर्षांच्या मुलांसाठी खुल्या असणं हे फार मोठं आहे. आधी लहानांसाठी चांगलं काही नव्हतं असं नाही, मर्मेड लगून हा लहानांचा भाग होताच. पण तिथे मुलं खेळायची आणि आईबाप कडेला पिशव्या सांभाळत बसायचे. इथे सगळे एकाच होडीत बसतात.

ताई: हे अगदी खरं. मी हिच्याबरोबर होते, गोट्या तेव्हा ३ वर्षांचा.

आई: अगं पण होड्या अंधारातून जातात ना? चिऊ अंधाराला घाबरते.

ताई: जातात, आई. पण तिन्ही सारख्या नाहीत, वेगवेगळं सांगते.

रपुंझेल सगळ्यांत सौम्य. होडी संथ चालते, मनोऱ्याजवळून जाते, आणि मग एकदम चहूबाजूंनी कंदीलच कंदील. गोट्याने माझं बोट घट्ट धरलं आणि मान वर करून बघत राहिला. राइड छोटी आहे. मोठ्यांना वाटतं एवढ्यात संपली? लहानांना तेवढी पुरते.

फ्रोझन जास्त लांब, साडेसहा मिनिटांच्या आसपास. सुरुवात दोघी बहिणींच्या लहानपणापासून, त्यामुळे चिऊला गोष्ट लगेच कळेल. पुतळ्यांचे चेहरे इतके जिवंत हलतात की मी स्वतः थक्क झाले. पण मधे गडद, गंभीर जागा आहेत आणि एका ठिकाणी होडी उतारावरून सर्रकन खाली येते. फार मोठा उतार नाही. तरी आधी सांगून ठेवलं तर बरं, नाहीतर पुढच्या राइडला मूल पायच टाकत नाही.

तिसरी टिंकर बेलची, बिझी बगीज. तिथे अंधाराचा प्रश्नच नाही. आपण परीएवढे लहान झालोय असं समजायचं आणि छोट्या गाडीत बसून पऱ्यांच्या वस्तीतून, चारही ऋतूंतून चक्कर मारायची. ही राइड खास लहानांचीच.

वहिनी: ताई, बाळाचं काय? दीड वर्षाचं चालतं?

ताई: आधाराशिवाय नीट बसता आलं पाहिजे, अशा अटी असतात. तुमचं बाळ छान बसतंय. तरी प्रत्येक राइडच्या दाराशी विचारा, तिथली माणसं न कंटाळता नीट समजावतात. स्ट्रोलर मात्र बाहेर लावायचा.

दादा: आणि भाषा? सगळं जपानीत ना?

ताई: संवाद, गाणी, सगळं जपानीत. गोट्याचं काहीही अडलं नाही. चाल ओळखीची असते, तो त्याच्या शब्दांत म्हणत होता.

मामा: माझा मुद्दा मी पुन्हा मांडतो, कारण मला तो खरंच लागतो. डिस्नेसी वेगळं का होतं? कारण ते सिनेमांच्या दुकानासारखं नव्हतं. समुद्राच्या दंतकथा, दर्यावर्दी, शोधमोहिमा हे त्याचं सूत्र. लहान मूल सुद्धा तिथे पात्रं शोधत नाही, जहाज बघतं, ज्वालामुखीचा आवाज ऐकतं. मग तिथे तीन सिनेमे आणून बसवायचे, म्हणजे बाकी पार्क्सनी केलं तेच करायचं. फ्रोझनचा आख्खा भाग हाँगकाँगला नोव्हेंबर २०२३ मध्येच उघडला होता. पोरांना हवं म्हणून सगळीकडे तेच किती दिवस देणार?

मी: मामा, सूत्र थोडं ताणलं गेलंय हे मलाही जाणवलं. पण तुटलेलं नाही. फ्रोझन होडीतून, रपुंझेल होडीतून, पीटर पॅनच्या नेव्हरलँडच्या पाण्यात चाच्यांचं जहाज उभं. आणि शिरतानाच झरा आहे, त्याच्या खडकांमध्ये डिस्नेची पात्रं कोरलेली आहेत. एकदम दिसत नाहीत, पाणी वाहत असतं त्यात शोधावी लागतात. ताईचा मोठा आणि गोट्या दोघं तिथेच रमले, मोठा ओरडून दाखवतोय आणि छोटा बघतोय. रांग नाही, अट नाही, पैसे नाहीत. मला वाटतं हा भाग आखणाऱ्यांना लहान मुलं खरंच कळलेली होती.

हाँगकाँगशी तुलना काढलीस म्हणून सांगते. तिथे होडीच्या जोडीला ओकनची छोटी घसरगाडी, रोलर कोस्टरच तो, आहे. टोकियोत तसं काही नाही. ६-७ वर्षांच्या, जरा धीट मुलांना तिथे जास्त मजा येईल. पण गोष्ट आतून बघायची असेल तर टोकियोचं काम फार वरचं.

मामा: खडकांचं मला माहीत नव्हतं.

ताई: मोठ्याला आत्ता विचारलं. त्याला पीटर पॅनच आवडलं, त्रिमितीचा चष्मा लावून उडायचं असतं ते. ७ वर्षांचा आहे, त्याच्यासाठी तेच बरोबर. म्हणजे वय बघा. सहाच्या पुढचं मूल असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

वहिनी: मग पीटर पॅन आम्ही दोघांनी सोडायचं का? ह्यांना तेच हवंय.

मी: सोडायचं नाही. मूल उंचीत बसत नसेल तर आईवडिलांनी आळीपाळीने बसायची सोय आहे. रांगेत शिरायच्या आधी तिथल्या माणसाला सांगायचं. एक जण बसून येतो, तोवर दुसरा मुलांजवळ, मग अदलाबदल. दोघांनी वेगवेगळी पूर्ण रांग लावावी लागत नाही. लहान मुलं असलेल्यांनी हे माहीत करून घ्यायलाच हवं, आणि कितीतरी जण विचारतच नाहीत.

दादा: रांगेचंच बोल. मी वाचतोय त्यात दोन-दोन तास लिहिलंय. ४ वर्षांची मुलगी दोन तास उभी राहील?

मी: नाही राहणार, आणि उभं करूही नये. फ्रोझनला गर्दीच्या दिवशी तेवढी रांग लागते. त्यासाठी प्रीमियर ॲक्सेस घ्यायचा, पैसे भरून ठरावीक वेळेला थेट शिरता येतं. राइडप्रमाणे माणशी १,५०० ते २,५०० येन. पार्कात शिरल्यावर ॲपवरूनच घेता येतो, आणि फ्रोझनचा लवकर संपतो. म्हणून आत पाय टाकल्या टाकल्या पहिलं काम तेच. बाळाचं तिकीट नाही, ३ वर्षांपर्यंत प्रवेश फुकट. चिऊचं मुलांचं तिकीट लागेल, तारखेप्रमाणे ४,७०० ते ५,६०० येन. तुमचं मोठ्यांचं ७,९०० ते १०,९००. शनिवार-रविवार आणि एप्रिल अखेरीची त्यांची गोल्डन वीकची सुट्टी टाळा, पैसेही वाचतील आणि गर्दीही कमी लागेल.

माझं मत विचारशील तर पैसे भरून फक्त फ्रोझन घ्या. चिऊचं सगळं मन तिथे आहे. बाकीच्यांच्या वेळा ॲपवर बघत राहा, जिथे कमी दिसेल तिथे शिरा.

दादा: आणि त्या भागात शिरायलाच वेगळा पास लागतो असं कुठेतरी होतं.

ताई: ते पहिल्या वर्षी. त्यातल्या एखाद्या राइडचा पास नसेल तर आतच सोडत नव्हते. एप्रिल २०२५ पासून कोणीही जाऊ शकतं. लहान मुलांसाठी हाच बदल सगळ्यांत चांगला झाला. राइड नाही मिळाली तरी फ्रोझनमधल्या अरेंडेलच्या गावात हिंडता येतं, मागे बर्फाचा डोंगर, पुढे किल्ला, पूल. चिऊला तेवढ्यानेच आपण आत आहोत असं वाटेल.

आई: खाण्याचं काय? मी शाकाहारी पोरीच्या काळजीत आहे.

ताई: आई, ते अवघडच आहे. जपानी स्वयंपाकात मासळीचा अर्क कशातही असतो, नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. पॉपकॉर्न, फळं, ब्रेड यावर वेळ निघते. बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत, पण बाळाचं खाणं चालतं. गेटबाहेर डबा खायला वेगळी जागा केलेली आहे. वहिनी, सकाळी पोट भरूनच शिरा.

वहिनी: बरं. म्हणजे डिस्नेसी?

मामा: दीड वर्षाच्या बाळाकडे बघून मी अजूनही डिस्नेलँड म्हणेन. टूनटाउन आहे, इट्स अ स्मॉल वर्ल्ड आहे, पूह आहे, ब्यूटी अँड द बीस्ट आहे. अट नसलेल्या राइड्स मोजल्या तर डिस्नेलँड सरळ पुढे. एक रद्द झालं की दुसरं शेजारीच. डिस्नेसीत चालणंही खूप, तो नवा भाग गेटपासून लांब आतमध्ये आहे.

मी: राइड्सच्या संख्येत डिस्नेलँड पुढे, हे मान्यच. दोन्ही मुलं दीड-दोन वर्षांची असती आणि एल्साचं वेड नसतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण ४ वर्षांचं मूल दिवसभरात किती राइड्स झाल्या ते मोजत नाही. त्याला एक गोष्ट मनापासून हवी असते. ती आईच्या शेजारी बसून मिळाली की उरलेला दिवस ते झऱ्यातले दगड बघण्यातसुद्धा आनंदी असतं. चिऊची ती गोष्ट फ्रोझन आहे, आणि टोकियोत ती डिस्नेसीत आहे, डिस्नेलँडमध्ये नाही. पुढच्या दोन वर्षांत तिचं वेड बदलेल. बाळ मोठं झाल्यावर डिस्नेलँड आहेच की.

आणि दुपारी दमली किंवा पाऊस आला तर मर्मेड लगून. बहुतेक सगळं छताखाली. हळूहळू वरखाली होणारे जेलीफिश आहेत, आणि बाळाला खाली मोकळं सोडायला एरिअलचं खेळघर. जवळच सिंदबादची होडी, अट नाही आणि रांगही सहसा फार नसते.

मामा: सिंदबाद! ते मी कसं विसरलो. ती डिस्नेसीतली सगळ्यांत सुंदर राइड आहे, आणि लोक फ्रोझनकडे पळताना तिच्यासमोरून निघून जातात. वाघाचं पिल्लू आहे त्यात सिंदबादच्या बरोबर, चंदू नावाचं. चिऊला ते नक्की दाखवा.

वहिनी: चंदू! तिच्या मऊ वाघाचं नावच आता चंदू ठेवते.

दादा: मामा, म्हणजे तू फिरलास?

मामा: नव्या भागाबद्दल माझं मत बदललं नाही. पण चिऊसाठी डिस्नेसी चालेल, फक्त सगळा दिवस त्या नव्या भागात घालवू नका. संध्याकाळी त्या इटालियन बंदरावर, मेडिटेरेनियन हार्बरवर, दिवे लागतात तेव्हा पोरांना घेऊन गोंडोलात बसा. नावाडी उभा राहून गाणं म्हणतो.

वहिनी: आत्ता भिंतीला टेकवून मोजली. ९९ भरली. बूट घालून १०१.

ताई: मग पीटर पॅनचा विषय संपला, तिथे काटेकोर मोजतात. तिला आधीच सांगून ठेव की ती राइड बाबांची आहे.

दादा: ठीक आहे, डिस्नेसी. तिकिटं दोन महिने आधी उघडतात ना? तारीख लावून ठेवतो. मामा, गोंडोलाला उंचीची अट?

मामा: अट नाही. पण वारा सुटला की बंद ठेवतात. सकाळी शिरताना हवा बघा आणि संध्याकाळवर विसंबू नका.