मदत हवी आहे: ऑटोक्रॉसमध्ये यू-टर्नला गाडी वळतच नाही (स्विफ्ट पेट्रोल, इंदूर)

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला सुदामानगरात राहतो. गेल्या महिन्यात महूकडच्या एका मैदानावर पहिल्यांदाच ऑटोक्रॉस स्प्रिंटमध्ये उतरलो आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे. इथे माझ्या ओळखीत हा नाद असलेलं कुणी नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: मातीच्या मैदानावर कोन आणि जुने टायर मांडून रस्ता आखतात, एका वेळी एकच गाडी सुटते, लढत घड्याळाशी. आम्हाला तीन फेऱ्या मिळाल्या, त्यातली सर्वात कमी वेळ धरली. कोन पाडला की वर सेकंद चढतात.

माझ्या वेळा अशा: १ मिनिट १८.४ सेकंद, मग १:१६.९, आणि तिसऱ्या फेरीत, जिथे सगळ्यात जास्त जोर लावला, तिथे १:२१.२. गटात पहिल्या आलेल्या मुलाची १:११. त्याचीही स्विफ्टच, तेच ११९७ सीसीचं इंजिन. त्यामुळे गाडीवर खापर फोडायला जागा नाही, फरक चालवण्यातच आहे.

कोनांमधून नागमोडी जायचा भाग बरा जातो. घोळ होतो तो एका टायरभोवती पूर्ण यू-टर्न घ्यायचा तिथे. सरळ पट्टा संपतो, मी ब्रेक दाबतो, स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवतो आणि गाडी नाकासमोर सरळच जात राहते. मामेभावाने मोबाइलवर बाहेरून काढलेला व्हिडिओ मी पंचवीस-तीस वेळा पाहिला असेन. पुढची चाकं पार वळलेली दिसतात आणि तशीच घासत पुढे सरकतात, त्यांच्यापुढे मातीचा छोटा बांध जमा होतो. आपली माळव्याची काळी माती, वर हातभर धूळ आणि खाली दगडासारखी टणक. गाडी थांबते, मग पहिला गिअर, मग वळण. चार सेकंद तिथेच जातात.

माझे प्रश्न:

ब्रेक नेमका कधी सोडायचा? हँडब्रेक ओढून मागचा भाग फिरवावा, की नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये? टायरमधली हवा कमी-जास्त केल्याने काही फरक पडतो का?

आणि सराव कुठे करायचा? मित्र म्हणतात रात्री सुपर कॉरिडॉरवर ये. ते मी करणार नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या रस्त्यावर माझीच बहीण स्कूटरने घरी येत असते. पीथमपूरचा नॅट्रॅक्स जवळ आहे, पण तो ११.३ किलोमीटरचा ट्रॅक गाड्यांच्या वेगाच्या चाचण्यांसाठी आहे, यू-टर्न शिकायला त्याचा काय उपयोग.

शेवटचं, इन्शुरन्सचं. गाडी बाबांच्या नावावर आहे. स्पर्धेत नुकसान झालं तर भरपाई मिळते का?

---

प्रतिसाद (बडोद्याहून)

मी काही वर्षं रॅली स्प्रिंटमध्ये नॅव्हिगेटर म्हणून, म्हणजे चालकाशेजारी बसून रस्ता सांगणारा म्हणून, बसलोय, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी इन्शुरन्स. पॉलिसीत 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' असा भाग असतो, तो काढून वाच. संघटित शर्यत, वेगचाचणी वगैरे तिथे सरळ वगळलेलं असतं. म्हणजे मैदानावर जे मोडेल ते घरच्या खिशातून. हे बाबांना स्पर्धेआधी सांग, नंतर नको.

आता वळण. तू ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही एकदम मागतोयस, मातीवर पुढच्या टायरकडे तेवढी पकड नसते. सगळा जोराचा ब्रेक सरळ रेषेत संपव, पहिला गिअर तिथेच टाक, मग ब्रेक हळूहळू सोडत वळ, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर टिकून राहतं. आणि गाडी सरळ घसरायला लागली की स्टिअरिंग अजून फिरवू नकोस, थोडं परत सोड. मनाला पटत नाही, पण चाक फिरायला लागलं की पकड येते. तुझ्या तिसऱ्या फेरीचं कोडं हेच आहे, जोर जास्त लावलास म्हणून वेळ वाढली.

ब्रेक नेहमीपेक्षा लवकर दाब. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) मोकळ्या मातीत थांबायचं अंतर वाढवतं, कारण चाक लॉक झालं की त्याच्यापुढे मातीची पाचर बसून गाडी थांबायला मदत होते, आणि एबीएस तेच होऊ देत नाही.

हँडब्रेक शिक, पण आधी वरचं जमू दे. क्लच दाबलेला, बटण दाबूनच ओढायचा, क्षणभर, आणि लगेच सोडायचा. हवा बदलायची तर मागच्या चाकांत दोन-दोन पीएसआय वाढवून बघ, शेपूट थोडी सैल होते. पुढची फार कमी करू नकोस, अशा वळणात टायर रिमवरून निसटतो. एका वेळी एकच बदल.

सरावासाठी ओळखीच्या कुणाचं शेत बघ, पीक निघालेलं. परवानगी घेऊन, दोन कोन पुरतात. सोबत कुणीतरी असू दे, एकटा जाऊ नकोस. स्पर्धा एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाच्या) मान्यतेची असेल तर त्यांचं लायसन्स लागेल, आयोजकांकडून नियमपत्रक आजच मागव. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन अजिबात नको, आग लागली तर ते अंगाला चिकटतं.

---

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. पॉलिसी काढली, तुम्ही म्हणालात ते वाक्य शब्दशः आहे. बाबांना ते पान दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, बंपर तुझ्या पगारातून. कबूल केलं.

देवासच्या रस्त्याला मावशीचं सोयाबीनचं शेत रिकामं झालंय, रविवारी मामेभावाला घेऊन तिथे जातोय. हँडब्रेकही तपासला: नऊ क्लिक ओढल्यावर कुठे पकडतो. शनिवारी मेकॅनिककडे केबल ताणून घेणार आहे. त्याला किती क्लिकवर सेट करायला सांगू?