मदत हवी: लांब अट तोडताना ‘अँड-ऑर’ ओळीच्या शेवटी की सुरुवातीला?

राम राम मंडळी,

सावद्याला एका केळी व्यापाऱ्याकडे हिशोब बघतो. काट्याच्या पावत्यांना भाव लावायचा छोटा पायथन प्रोग्राम मीच लिहिलाय, शिकत शिकत. कोणत्या मालाला पूर्ण भाव लागेल हे एकाच ‘इफ’मध्ये ठरतं, आणि ती ओळ वाढत वाढत पावणेदोनशे अक्षरांची झाली. मोबाइलवरून लिहितोय, म्हणून कोड देवनागरीत, तोही थोडक्यात (नवती म्हणजे नव्या लागवडीची केळी, पिलबाग म्हणजे जुन्या झाडाच्या पिलांवरची, वापसी म्हणजे पूर्ण भाव न लागणारा हलका माल):

इफ नवती ऑर पिलबाग अँड नॉट वापसी अँड वजन_तपासलं अँड ...

गेल्या आठवड्यात नवतीतला ३ क्विंटल वापसी माल पूर्ण भावाने लागला. मालक पावती घेऊन टेबलापाशी आले. बोलले काही नाहीत, नुसतं आकड्यावर बोट ठेवलं. (बोलले असते तर बरं झालं असतं.) चूक ओळीच्या उजव्या टोकाला, स्क्रीनबाहेर कुठेतरी असणार असं धरून मी ती ओळ तोडायला घेतली.

तर नवीनच भानगड. पुण्यात जावास्क्रिप्ट लिहिणारा मावसभाऊ म्हणतो, चिन्ह (म्हणजे ‘अँड-ऑर’) ओळीच्या शेवटी ठेव, आमचं प्रिटियर (कोड नीट मांडणारं साधन) आपोआप तसंच करतं. तसं केलं की फ्लेक ८ (पायथन कोडची मांडणी तपासणारं साधन) ‘डब्ल्यू ५०४’ हा इशारा दाखवतं. सुरुवातीला आणलं की ‘डब्ल्यू ५०३’. इकडे आड, तिकडे विहीर! सेटिंगमध्ये मी फक्त ‘इग्नोर = ई ५०१’ लिहिलंय, लांब ओळीची कटकट नको म्हणून. नेमकं करायचं काय?

प्रतिसाद १

भाऊ, विहीर तुम्हीच खणली आहे. ५०३ आणि ५०४ एकमेकांच्या विरुद्ध आहेत, म्हणून फ्लेक ८ मुळात दोन्ही बंद ठेवतं. तुम्ही ‘इग्नोर’ लिहिलं की ती मूळ यादी पुसली जाते आणि तुमची एकटीच उरते. ‘एक्स्टेंड-इग्नोर’ लिहा, दोन्ही गप्प होतील.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, पण दादा, तुमचे ३ क्विंटल त्यात गेले नाहीत. चूक उजव्या टोकालाही नाही, पहिल्या तीन शब्दांत आहे. बेरजेआधी गुणाकार होतो तसा ‘ऑर’च्या आधी ‘अँड’ होतो. तुमची अट पायथन अशी वाचतो: नवती, किंवा (पिलबाग आणि वापसी नाही आणि पुढचं सगळं). म्हणजे नवती दिसली की बाकी काही न बघता पूर्ण भाव. ओळी कशाही तोडा, हे सुटणार नाही. ब्लॅक (पायथन कोड आपोआप मांडणारं साधन) चालवलंत तरी ते ओळी ८८ अक्षरांत बसवेल, ‘नवती ऑर पिलबाग’भोवतीचा कंस तुमचा तुम्हालाच घालावा लागेल.

मी असं लिहिलं असतं:

भावाचा_प्रकार = नवती ऑर पिलबाग

इफ (
    भावाचा_प्रकार
    अँड नॉट वापसी
    अँड वजन_तपासलं
):

पायथनमध्ये चिन्ह सुरुवातीला. शाळेत उभी बेरीज मांडताना अधिकचं चिन्ह डावीकडेच असायचं ना? नजर डाव्या कडेने खाली उतरते आणि ‘नॉट’ कुठे आहे ते लगेच सापडतं. पेप ८ (पायथनच्या लेखनशैलीची नियमावली) सुद्धा आधी शेवटी ठेवा म्हणायचं. २०१६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या गणित-छपाईच्या नियमाचा दाखला देऊन ते फिरलं. जुन्या कोडमध्ये शेवटी असेल तर तसंच राहू द्या, एका फाइलमध्ये सरमिसळ नको. मावसभाऊ त्याच्या जागी बरोबर आहे, जावास्क्रिप्टचं वळण वेगळं.

आणि बॅकस्लॅश देऊन ओळ तोडू नका. त्याच्यापुढे चुकून एक स्पेस पडली तरी सिंटॅक्स एरर. पूर्ण अट कंसात घाला.

धागाकर्ता

दोघांचे आभार. ‘एक्स्टेंड-इग्नोर’ने दोन्ही इशारे गेले. कंस घालून मृगबागेपासूनच्या (मृगात लावलेल्या केळीपासूनच्या) सगळ्या पावत्या पुन्हा चालवल्या, तशाच आणखी दोन निघाल्या. मालक सकाळी ९ ला येतात.