इंग्रजी उच्चार सुधारायला तुम्ही काय काय केलंत?

भाची आयईएलटीएसची (परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) तयारी करतेय. बोलण्याच्या चाचणीत चार निकषांना सारखंच वजन असतं, त्यातला एक उच्चार. नेमकं तिथंच तिचं घोडं अडलंय. मराठी माध्यमातून आलेल्यांनी स्वतः केलेले उपाय लिहा. 'रोज बातम्या ऐक' हे सांगून झालंय.

लेस्टर, इंग्लंडहून
(इथे येईपर्यंत मी या गावाला लायसेस्टर म्हणायचो, यावरून ओळखा.) मंडईत नाशपाती मागितली, "टू पिअर्स प्लीज." म्हातारा म्हणाला, बिअर समोरच्या पबात मिळेल. एक चूक लगेच कळली, त्या फळाचा उच्चार 'पेअर'. दुसरी कळायला वर्ष गेलं. शब्दाच्या सुरुवातीचा इंग्रजी प वाऱ्यासकट येतो; आपला कोरडा प त्यांना ब ऐकू येतो. ऑफिसातल्या एका बाईंनी पावतीची पट्टी फाडून माझ्या ओठांपुढे धरली. 'पिन' म्हटलं की ती उडायला हवी, 'स्पिन'ला हलता कामा नये. माझी दोन्हीला ढिम्म! गंमत म्हणजे तो वारा आपल्याकडे आहेच, 'फळ'मधल्या फ मध्ये. पण दोन्ही ओठ मिटून काढलेला जुना फ हवा. हल्ली आपण दात टेकवून 'फॅन'सारखा काढतो, तो नव्हे. क आणि ट चीही हीच कथा.

जिल्हा परिषद शाळेतून
आपण 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' लिहितो वेगळं, बोलतो बहुतेक एकच. वर्गात एक आरसा फिरवते. 'व्हेस्ट'ला वरचे दात खालच्या ओठावर दिसले पाहिजेत, 'वेस्ट'ला शिट्टी मारतानाचा चंबू. पोरं खिदळतात, पण विसरत नाहीत.

रात्रपाळीवाला, पुणे
माझं सगळं घोडं आघातावर अडलेलं. मी 'डेव्हलप' म्हणायचो, जोर पहिल्या अक्षरावर. तो हवा 'व्हे'वर, आणि 'डे'चा जवळजवळ 'डि' होतो. ट्रेनरने रबरबँड दिला: जोराच्या अक्षराला ताणायचा, बाकीच्यांना सैल सोडायचा. 'फोटोग्राफ'ला सुरुवातीलाच ताण, 'फटॉग्रफी'ला 'टॉ'वर. बसमध्ये लोक बघायचे. शिवाय दहा सेकंदांचा तुकडा ऐकून त्याच्या मागोमाग बोलायचो आणि फोनवर रेकॉर्ड करायचो. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षाच.

सावंतवाडी
झिरोसाठी 'बाजू'मधला ज घ्या, 'जीव'मधला नको. जीभ वर न टेकवता तो मधमाशीसारखा लांबवा. बाकी, साहेब बनायची गरज नाही. समोरच्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही, म्हणजे झालं.

धागाकर्ती
सावंतवाडीकर, पटलं. आत्ताच वाण्याच्या पावतीची पट्टी कापली. भाचीची तिसऱ्या 'पिन'ला उडाली. माझी अजून लोंबकळतेय.