जानेवारीत सोलंगला महेश्वरी साड्यांचं शूट आहे. बर्फात मॉडेल आणि कॅमेरा दोन्ही कसं सांभाळायचं?

काठपदर_इंदूर

मंडळी, मार्गदर्शन हवंय. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, लग्नांचे आणि कपड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढते. माझी जाऊ महेश्वरी साड्या विकते. आजवर तिचे सगळे फोटो महेश्वरच्या घाटावर, नाहीतर कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी काढले. जागा देखण्याच आहेत, पण आता ज्याचे त्याचे फोटो तिथलेच असतात, आणि दगडावरचं कोरीव काम साडीच्या काठाशी भांडतं. यंदा जाऊबाईंचं म्हणणं असं की मागे काहीच नको, नुसतं पांढरं. म्हणून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मालवा एक्स्प्रेसने अंबाल्यापर्यंत आणि पुढे गाडीने मनाली. शूट मनालीजवळच्या सोलंगला, जमलं तर अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला.

गच्चीवर पांढऱ्या चादरी पसरून भर दुपारी सराव केला. चादर राखाडी येते आणि चेहरा काळवंडतो. दोन मॉडेल आहेत, दोघी इथल्याच कॉलेजच्या. एक गोरी, एक चांगली सावळी, आणि दोघी एका फ्रेममध्ये हव्यात. सावळ्या मुलीला उजळ करून दाखवायचं नाही, हे आमचं ठरलेलं आहे. तिचा रंग जसा आहे तसाच दिसायला हवा.

खरी काळजी मात्र वेगळी. महेश्वरी म्हणजे रेशीम आणि सूत, वाऱ्यानेही उडणारी. ती नेसून पोरी बर्फात उभ्या राहणार. किती वेळ उभं करायचं? काय घालायचं आतून? बॅटरीचं काय? ज्यांनी खरोखर बर्फात माणसांचे फोटो काढलेत त्यांनी सांगावं.

लश्करवाला_ग्वाल्हेर

ताई, उजेडाचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं.

चादर राखाडी येते याचं कारण सरळ आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं, म्हणजे 18 टक्के उजेड परत फेकणारं. ताजा बर्फ 80 ते 90 टक्के फेकतो. मीटरला वाटतं उजेड फार झाला, आणि ते फोटो अंधारा करतं. ऑटोवर काम करणार असाल तर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ करायची सेटिंग, प्लस दीड ते दोन स्टॉप ठेवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), ढगाळ असेल तर प्लस एकपासून सुरुवात करा. पण मी म्हणेन, ऑटोवर करूच नका. मॅन्युअलवर या आणि स्पॉट मीटर, म्हणजे छोट्या ठिपक्यापुरताच उजेड मोजणारं मीटर, चेहऱ्यावर लावा. गव्हाळ गाल मीटरच्या साधारण शून्यावर बसतो, गोरा अर्धा ते एक स्टॉप वर, सावळा तेवढाच खाली. एकदा बसवलं की ऊन बदलेपर्यंत हात लावायचा नाही. फ्रेममध्ये बर्फ जास्त आला काय नि देवदार जास्त आले काय, चेहरा हलणार नाही.

आता हिशोब बघा. 18 आणि 90 यांत पाच पट फरक, म्हणजे दोन स्टॉपच्या जरा वर. चेहऱ्यावर आणि बर्फावर एकच ऊन पडत असेल तर हा फरक कॅमेऱ्यात आरामात मावतो, बर्फाचा दाणा न दाणा टिकतो. बिघडतं कधी, तर मुलगी सावलीत आणि मागचा उतार उन्हात असेल तेव्हा. अशी जागा दिसली की पुढे चला. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये काढा, आणि हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटत नाही ना एवढं बघा.

दोघींसाठी: एक्स्पोजर सावळ्या मुलीवर धरा आणि तिला उन्हाच्या बाजूला उभं करा. गोरी अर्धं पाऊल मागे, उन्हाकडून जरा वळलेली. सूर्य दोघींच्या पाठीशी तिरका ठेवलात तर समोरचा बर्फ आपोआप रिफ्लेक्टर होतो, मोठा आणि फुकटचा. डोळे मिचकावणंही थांबतं. फक्त तो उजेड खालून येतो, त्यामुळे हनुवटीखालचा भाग उगाच उजळतो. छातीच्या खाली, फ्रेमबाहेर, काळं कापड धरायला एक माणूस ठेवा.

सावलीतला बर्फ निळा येणार, कारण त्याच्यावर निळ्या आभाळाचाच उजेड असतो. व्हाइट बॅलन्स 6500 ते 7500 केल्विनच्या दरम्यान बसेल, पण रंग जुळवायला ग्रे कार्ड, म्हणजे करड्या रंगाचा पुठ्ठा, सोबत असू द्या. साड्या विकायच्या आहेत, बैंगनी चंद्रकला, म्हणजे जांभळी साधी महेश्वरी, निळी दिसली तर गिऱ्हाईक परत पाठवेल.

बर्फ पडत असेल तर शटर 1/500 सेकंदाच्या आसपास ठेवलं की कण गोठतात, 1/60 ला रेघा होतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश नको, लेन्सजवळचे कण चकत्यांसारखे उजळतात. मागे देवदारांची काळी रांग घ्या आणि उजेड मागून येऊ द्या, तरच पडणारा बर्फ दिसतो. पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार?

झालं कॅमेऱ्याचं. आता मुली. माझं स्पष्ट मत: बर्फातल्या शूटचं वेळापत्रक उजेडावर ठरवायचं नाही, मुलीच्या अंगातल्या उबेवर ठरवायचं. उजेड उद्या पुन्हा येतो. लोक सकाळी सातला मॉडेलला उभं करतात, कारण गोल्डन अवरची, म्हणजे सूर्योदयानंतरच्या सोनेरी उजेडाची, सवय लागलेली असते. दरीत त्या वेळी ऊन पोचलेलंच नसतं, डोंगराआड असतं. अकरा ते दोन ही वेळ घ्या. जानेवारीत सूर्य भर दुपारीही फार वर चढत नाही, सावल्या लांबच राहतात.

फ्रेम आधी दुसऱ्या कुणाला जाकीट घालून उभं करून पूर्ण ठरवा. एक्स्पोजर, फोकस, कुठे बघायचं, सगळं. मग मुलगी गाडीतून येईल, अंगावरचा कोट काढेल, पाच मिनिटं फोटो, आणि कोट परत अंगावर. वारा असेल तर तीनच मिनिटं. गाडी चालू, हीटर चालू, दार तिच्यापासून पन्नास पावलांच्या आत. एका माणसाचं काम फक्त कोट धरून उभं राहणं. त्याला दुसरं काही सांगायचं नाही.

आणि हे पाठ करा. थरथर ही शरीराची धडपड असते, तिथे फोटो थांबवायचे. थरथर थांबली आणि मुलगी गप्प झाली, शब्द अडखळायला लागले, तर ती सावरली असं समजू नका. ते जास्त वाईट. ओले कपडे बदला, गरम खोलीत न्या, गोड गरम प्यायला द्या, आणि डॉक्टर गाठा. बोटं किंवा नाकाचा शेंडा पांढरा पडून बधिर झाला तर चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. काखेत किंवा तळव्यात धरून ऊब द्यायची. कुणी ब्रँडी सुचवेल. नको. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, गरम वाटतं आणि ऊब उलट निघून जाते.

बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. थंडीने मान टाकलेली बॅटरी गरम झाल्यावर बरीचशी परत येते, म्हणून टाकून देऊ नका, आलटून पालटून वापरा.

रामबागची_मुक्ता

ताई, मी कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी. गुलमर्गला साडीत आणि लेहंग्यात काम केलंय, म्हणून पोरींच्या बाजूने सांगते. वरच्या दादांनी लिहिलंय त्यातलं कोटवाल्याचं वाक्य जाऊबाईंनाही वाचून दाखवा.

परकर नकोच. त्याजागी जाड थर्मल लेगिंग, त्यावर साडीच्या रंगाचं दुसरं लेगिंग, त्यात निऱ्या खोचायच्या. ब्लाऊज पूर्ण बाह्यांचं, मखमली किंवा लोकरीचं, गळा बंद. महेश्वरीवर छान दिसतं आणि आत थर्मल लपतं. पोटाला आणि कमरेला चिकटवायच्या गरम पट्ट्या मिळतात, त्या थर्मलच्या वरून लावायच्या, कातडीवर थेट नाही.

पिना सगळ्या हॉटेलच्या खोलीत लावून निघा. बाहेर बोटं ऐकत नाहीत. पदर खांद्यावर दोन ठिकाणी आणि ब्लाऊजच्या पाठीशी एका ठिकाणी आतून पक्का करा, मग उरलेला वाऱ्यावर सोडा. धातूचे दागिने थंडीत अक्षरशः चावतात. नथ आणि कानातलं फोटोच्या क्षणी घालायचं. काचेच्या बांगड्या चालतात.

मनालीहून वर जाताना रस्त्याला गमबूट आणि जाड सूट भाड्याने देणारी दुकानं ओळीने आहेत. गमबूट घ्याच, आत लोकरीचे मोजे. निऱ्या बुटावर पडतात, काही दिसत नाही. पाय दिसणारे फोटो हवे असतील तर योगा मॅटचा तुकडा बर्फाखाली पुरा आणि वर दोन बोटं बर्फ भुरभुरवा. पायाखाली मॅट असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

नाक लाल होणार, डोळ्यांना पाणी येणार. लाल नाकावर हिरवट कन्सीलरचा पातळ हात, काजळ वॉटरप्रूफ. आणि सनस्क्रीन विसरू नका, हनुवटीखाली आणि नाकाखालीसुद्धा. बर्फावरून ऊन खालून भाजतं. दोन फोटोंच्या मधे गॉगल लावायलाच हवा, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं.

सगळ्यात महत्त्वाचं: नव्या मुलीला विचारू नका, "थंडी वाजतेय का?" ती "नाही ताई, जमतंय" म्हणणार. पहिलं मोठं काम, कोण कशाला नाही म्हणेल? त्याऐवजी दर खेपेला सांगा, अंगठा करंगळीला टेकवून दाखव. बोट थरथरलं, चुकलं, की गाडीत. मला एका थोर बाईने हे शिकवलं आणि मी आजही प्रत्येक शूटला स्वतःच करून बघते.

बडोद्याहून_अनिकेत

नमस्कार. जरा वेगळं सुचवतो. नुसतं पांढरं हवं असेल तर कच्छचं पांढरं रण का नाही? धोरडोला हिवाळ्यात मीठ वाळून पसरलेलं असतं, परवाना वाटेतच मिळतो, आणि मुली साडीत निवांत उभ्या राहतील. मीटरची भानगड तिथेही तीच आहे. आम्ही इथून भुजला जाऊन काढतो.

काठपदर_इंदूर

अनिकेत, रण जाऊबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी नक्की, पण यंदा पडणाऱ्या बर्फात पदर हवाय. देवदारही हवेत. मुक्ता, तुझं अंगठा-करंगळीचं दोघी मुलींना सांगितलं, त्या आत्तापासून करून दाखवताहेत.

अजून दोन शंका. साड्या कुठल्या न्याव्यात? आणि जरीवर बर्फ पडला तर?

लश्करवाला_ग्वाल्हेर

पांढऱ्या, मोतिया, फिक्या पिस्ता रंगाच्या साड्या घरी ठेवा, कडाच हरवतात. वांगी, राणी, गडद हिरवा, मोरपंखी घ्या. बेली आणि परबी या महेश्वरीच्या नक्ष्यांच्या बारीक पट्ट्या जवळून घ्या, लांबून त्या विरघळतात. एखादी चंदेरीही टाका पिशवीत. ती पारदर्शक असते, मागून ऊन आलं की पदरातून पलीकडचा बर्फ दिसतो. आमच्या बाजूचं कापड म्हणून सांगत नाही, खरंच बघण्यासारखं दिसतं.

जरीवरचा बर्फ बाहेरच झटकायचा, तिथे तो कोरडा असतो. गरम गाडीत शिरल्यावर वितळतो आणि रेशमावर पाण्याचे डाग पडतात. तरी ओली झालीच तर हीटरवर टाकू नका. खोलीत जुन्या सुती चादरीवर सपाट पसरा, काठ दुमडू नका, वाळल्यावरच घडी.

कॅमेऱ्याचंही तेच. आत नेण्याआधी बाहेरच कार्ड काढून घ्या आणि कॅमेरा झिपच्या पिशवीत हवाबंद करा. बाष्प पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही. दोनेक तास पिशवी उघडायची नाही.

सिस्सू साधारण 3,100 मीटरवर आहे, मनालीहून हजारभर मीटर वर. पहिल्या दिवशी तिकडे जाऊ नका. बर्फ जोरात पडला की बोगद्याकडची वाहतूक थांबवतात, म्हणून सोलंगचे फोटो आधी हातात घ्या. निघायच्या आदल्या रात्री साड्यांची यादी इथे टाका, कुठली कोणाला नेसवायची ते बघू.